जुना ट्रॅक्टर डिझेल फार खातो? आधी मोजा, मग खोला



आज बी-बियाणं, खत-औषध यांच्याबद्दल बोलणार नाही. आज बोलायचंय ते दारात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरबद्दल, आणि तेही नव्या कोऱ्या ट्रॅक्टरबद्दल नाही. दुसऱ्याकडून घेतलेल्या, चार-पाच हजार तास चाललेल्या जुन्या ट्रॅक्टरबद्दल. आपल्याकडे बहुतेकांची सुरुवात अशाच ट्रॅक्टरनं होते. घेताना तो स्वस्त वाटतो. मात्र पहिल्या हंगामातच तक्रार सुरू होते, "साहेब, चालतो चांगला, पण डिझेल फार पितो."

गेल्या हंगामात माझ्या भागातल्या एका शेतकऱ्यानं हीच तक्रार माझ्याकडे आणली. त्याचं नाव मी सांगत नाही. पतसंस्थेचं कर्ज काढून त्यानं जुना ३५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घेतला होता. घरची पाच एकर आणि बाकी गावात भाड्यानं नांगरट, असा त्याचा हिशेब. भाडं एकरावर ठरलेलं. डिझेल जास्त जायला लागल्यावर एकरामागे हातात काही उरेना, आणि हप्ता तर दर महिन्याला दारात उभा. गावातल्या एका मिस्त्रीनं सांगितलं, "इंजिन गेलंय, बोअर-पिस्टन करावं लागेल." त्या कामासाठी घरातलं सोनं गहाण ठेवायचं ठरत होतं. त्याची बायको मला म्हणाली, "भाऊ, एकदा तुम्ही बघून घ्या, मग काय ते करू."

मीही पहिल्या भेटीत धूर बघितला, काळा होता, आणि लगेच सांगून टाकलं की नोझल खराब असणार. ती माझी चूक होती. न मोजता, न तपासता दिलेला सल्ला, मग तो मिस्त्रीचा असो की कृषी पदवीधराचा, अंदाजच असतो. त्यानंतर आम्ही काय केलं ते क्रमाने सांगतो. हाच क्रम आपणही ठेवावा.

पहिले काम : मोजमाप

"डिझेल फार खातो" म्हणजे नेमकं किती? हे ठरल्याशिवाय पाना हातात घेऊ नये. डिझेलचा काटा किंवा टाकीत काडी घालून केलेला अंदाज यावर विसंबू नका. ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा करा. टाकी गळ्यापर्यंत भरा आणि घड्याळात वेळ पाहून काम सुरू करा. निदान एक एकर काम झाल्यावर ट्रॅक्टर पुन्हा त्याच जागी, त्याच दिशेला तोंड करून उभा करा आणि लिटरच्या मापानं टाकी गळ्यापर्यंत भरा. जेवढं डिझेल मावलं, तेवढं जळलं.

वेळ घड्याळावरच मोजा. जुन्या ट्रॅक्टरवरचा तासांचा मीटर इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो. कमी रेसवर तो हळू पळतो, त्यामुळे त्याचा तास आणि घड्याळाचा तास एक नसतो.

आता तुलना कशाशी करायची? एक ढोबळ हिशेब ध्यानात ठेवा. डिझेल इंजिनाला पूर्ण ओझ्यावर दर अश्वशक्तीला तासाला साधारण पाव लिटरच्या आत-बाहेर डिझेल लागतं. म्हणजे ३५ अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण ताकदीनं चाललं तर तासाला आठ लिटरच्या आसपास. पण शेतात सगळा वेळ पूर्ण ताकद लागत नाही. नांगरटीला त्याच्या निम्मं ते दोन-तृतीयांश, म्हणजे चार ते साडेपाच लिटर धरावं. हलक्या पाळीला त्याहून कमी. मध्य प्रदेशात बुदनी येथे ट्रॅक्टरची सरकारी चाचणी होते. त्या अहवालात प्रत्येक मॉडेलचा डिझेलचा खप दिलेला असतो. आपल्या मॉडेलचा आकडा मिळाला तर उत्तमच.

आमच्या या ट्रॅक्टरनं दोन फाळी नांगरानं एक एकर नांगरायला २ तास ५० मिनिटं घेतली आणि १७ लिटर डिझेल जाळलं. म्हणजे तासाला सहा लिटर. तासाचा आकडा थोडाच जास्त होता. पण एकराला १७ लिटर हे फार झालं. म्हणून बंधूंनो, तासाचा हिशेब एकटा पाहू नका. ट्रॅक्टर तासाला किती खातो यापेक्षा एकराला किती खातो यावर तुमचा नफा-तोटा ठरतो. तासाचा आकडा ठीक आणि एकराचा आकडा मोठा असेल, तर दोष नुसता इंजिनात नाही, जमिनीवर किंवा अवजारातही आहे असं समजावं.

दुसरे काम : गळती

इंजिन न उघडता जे दिसतं ते आधी पाहावं. रात्री ट्रॅक्टरखाली कोरा पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी डाग कुठे पडले ते दिसेल. टाकीचा कॉक, फिल्टरचे बोल्ट, पाइपाच्या टोकांचे तांब्याचे वॉशर, नोझलवरून परत येणारी बारीक नळी, या नेहमीच्या जागा. चालू इंजिनाला गळत असेल तर खाली वाटी धरा. दहा मिनिटांत दहा मिलिलिटर जमलं, तर तासाला ६० मिलिलिटर झालं. टाकीच्या कॉकची अशीच गळती रात्रंदिवस चालली, तर दिवसाला जवळजवळ दीड लिटर मातीत गेलं.

आमच्या ट्रॅक्टरला टाकीचं टोपण नव्हतं. हरवलं होतं, त्या जागी चिंधी कोंबलेली. उताराला, गचक्याला डिझेल चिंधीतून झिरपत होतं, आणि चिंधीची धूळ टाकीत जात होती. मूळचं टोपण आणलं. परतीच्या नळीचे दोन वॉशर बदलले. खर्च अगदी किरकोळ.

एक सावधगिरीची गोष्ट. पंपाकडून नोझलकडे जाणाऱ्या जाड पोलादी नळीत फार मोठा दाब असतो. तिथली गळती बोट लावून कधीही तपासू नका. डिझेलची बारीक धार कातडीतून आत शिरते आणि हात गमवायची वेळ येते. पुठ्ठ्याचा तुकडा दूरवरून धरून पाहावे.

गळती बाहेर दिसत नाही म्हणून नाहीच असंही नाही. इंजिन ऑइलची पट्टी काढून पाहा. ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढली असेल आणि ऑइल पातळ होऊन त्याला डिझेलचा वास येत असेल, तर डिझेल आतल्या आत ऑइलमध्ये उतरतंय. असा ट्रॅक्टर त्या क्षणी बंद करावा. डिझेल मिसळलेल्या ऑइलवर चालवलं तर बेअरिंग जळतात, आणि मग इंजिनाचं काम खरोखरच करावं लागतं.

तिसरे काम : धूर आणि हवा

धुराचा रंग बोलतो. काळा धूर म्हणजे डिझेल पूर्ण जळत नाही. एक तर हवा कमी पडते, नाहीतर ओझं जास्त आहे, नाहीतर पंप-नोझल डिझेल जास्त किंवा चुकीचं सोडतंय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, तिथे रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजल्याची शंका घ्यावी. पांढरा धूर थंडीत सकाळी थोडा वेळ येणं साहजिक आहे. इंजिन तापल्यावरही येत राहिला तर डिझेल सोडण्याची वेळ चुकली आहे, दाब कमी आहे किंवा आत पाणी जातंय.

काळा धूर दिसला की प्रथम एअर क्लीनर पाहा. नोझल नंतर. इथेच माझी चूक झाली होती. आम्ही ऑइलच्या एअर क्लीनरची वाटी सोडली, तर खाली बोटभर चिखल आणि वर शाईसारखं ऑइल. आधीच्या मालकानं किती दिवस हात लावला नव्हता देव जाणे. इंजिनाचा श्वास कोंडला होता. वाटी आणि जाळी डिझेलनं धुतली, वाळवली आणि खुणेपर्यंत नवं इंजिन ऑइल घातलं. खुणेच्या वर भरू नये, जादा ऑइल इंजिन ओढून घेतं. धुळीच्या दिवसांत ही वाटी रोज बघावी. तळाला अर्धा इंच गाळ साचला की ऑइल बदलावं. ज्यांच्याकडे कागदी फिल्टर आहे त्यांनी तो धुऊ नये. आतून बाहेर हलका हवेचा झोत मारावा, आणि कागद फाटला असेल तर बदलावा. एअर क्लीनरपासून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइपही चिरला नाही ना हे पाहावं. तिथून आत गेलेली धूळ थेट बोअर खाते.

चौथे काम : इंजिनाची ऊब

हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. तासभर नांगरट करूनही तापमानाचा काटा खाली थंड भागातच राहत असेल, तर आनंद मानू नका. इंजिन गार चाललं तर डिझेल नीट जळत नाही आणि झीजही वाढते. पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनाला थर्मोस्टॅट असतो. तो पाणी साधारण ८० अंशांच्या आसपास तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवतो. पुष्कळ ठिकाणी "उन्हाळ्यात गरम होतो" म्हणून तो काढून फेकला जातो. खरा दोष असतो रेडिएटरच्या जाळीत अडकलेल्या काडीकचऱ्याचा किंवा सैल पट्ट्याचा. आमच्या ट्रॅक्टरात थर्मोस्टॅट नव्हताच. नवा बसवला, रेडिएटरची जाळी धुतली, पट्टा ताणला. गरम इंजिनाचं रेडिएटर झाकण मात्र कधीही उघडू नये.

पाचवे काम : ब्रेक, क्लच आणि चाके

बैलगाडीचा आस कोरडा पडला की बैल दमतात हे आपल्याला ठाऊक आहे. ट्रॅक्टरचंही तसंच. सपाट रस्त्यावर ब्रेक न लावता एक-दोन किलोमीटर जा आणि उतरून दोन्ही ब्रेकच्या घरांजवळ हात नेऊन पाहा. एक बाजू गरम लागली तर तो ब्रेक धरतोय, इंजिन आपल्याच ब्रेकशी भांडतंय. आमचा डावा ब्रेक असाच धरत होता. पेडलचा मोकळा खेळ दोन्ही बाजूंना पुस्तकाप्रमाणे सारखा केला. क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय असेल तर ती सोडावी. रेस वाढते पण ट्रॅक्टरचा वेग वाढत नाही, जळकट वास येतो, अशी लक्षणं दिसली तर क्लच घसरतोय.

आता सर्वांत मोठा दोष सांगतो. तो मी शोधला नाही, त्या शेतकऱ्याच्या वडिलांनी शोधला. नांगरट चालू असताना आबा बांधावर बसले होते. मला म्हणाले, "साहेब, चाक चालत नाही, माती उकरतंय. बैलाचा पाय असा घसरला असता तर आम्ही जू सोडलं असतं." खाली बघितलं तर खरंच. टायरची नक्षी अर्धी झिजलेली, आणि चाकाच्या वाटेवर माती चुरगळून पडलेली.

मग आम्ही घसर मोजली. आपणही मोजू शकता, लागतो फक्त खडू आणि टेप. मागच्या चाकावर खडूनं खूण करा. त्याच रानात नांगर उचलून चाकाच्या दहा फेऱ्या होईपर्यंत चाला आणि अंतर मोजा. मग नांगर लावून दहा फेऱ्यांचं अंतर मोजा. आमचं रिकामं अंतर ४० मीटर भरलं, नांगर लावून २९ मीटर. म्हणजे ४० मध्ये ११ मीटर वाया, शेकड्याला २७ हून जास्त घसर. चार फेऱ्यांतली एकीहून जास्त फेरी फुकट! नांगरटीला शेकडा १० ते १५ घसर चालते. तेवढी असू द्यावी, कारण अगदी घसरच नको म्हणून उगाच वजन वाढवलं तर तेही वजन वाहायला डिझेल लागतं आणि जमीन दबते.

यावर उपाय म्हणून मागच्या टायरमध्ये पाऊण भागापर्यंत पाणी भरलं, चाकाला लोखंडी वजनं लावली, आणि रस्त्यासाठी भरलेली जादा हवा शेतकामाच्या मापावर आणली. नांगराचे फाळ बोथट झाले होते, ते लोहाराकडून पाजवून घेतले. पुन्हा मोजलं तर दहा फेऱ्यांत ३४ मीटर, म्हणजे घसर शेकडा १५. टायर तेच जुने. फक्त ट्रॉली ओढायच्या दिवसांत हीच वजनं काढून ठेवावीत आणि हवा पुन्हा वाढवावी.

सहावे काम : चालवणाऱ्याची सवय

बांधावर गप्पा मारताना ट्रॅक्टर चालूच ठेवायचा, ही सवय महाग पडते. इंधन बचतीसाठी १९७८ साली स्थापन झालेली पीसीआरए ही संस्था हेच सांगत आली आहे की रिकामं चालणारं इंजिन तासाला लिटरभर डिझेल वाया घालवतं. बॅटरी कमजोर, सेल्फ चालत नाही, म्हणून जे इंजिन बंद करत नाहीत, त्यांनी बॅटरी आधी दुरुस्त करावी. तिचे पैसे डिझेलमध्येच निघतात. हलक्या कामाला वरचा गिअर आणि कमी रेस ठेवावी. इंजिन घुटमळू लागलं किंवा काळा धूर निघाला की गिअर खाली घ्यावा. शेत लांबीच्या बाजूनं नांगरावं, म्हणजे वळणं कमी होतात.

डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याचा मोह कुणी करू नये. पंप आणि नोझल यांना वंगण डिझेलचंच असतं, ते कमी झालं की पंप झिजतो. ड्रममधलं डिझेल एक दिवस स्थिर ठेवून वरचंच काढावं, आणि फिल्टरखालचं बूच सोडून साचलेलं पाणी अधूनमधून काढावं.

आता पंप, नोझल आणि इंजिन

एवढं सगळं करूनही एकराचा आकडा उतरला नाही, तरच पुढे जावं. पंपाचं सील पाहा. सील तुटलेलं असेल तर आधीच्या मालकानं ताकद वाढावी म्हणून डिझेल वाढवून ठेवलं असण्याची शक्यता आहे. ट्रॅक्टर विकताना जोर दाखवायचा हा जुना उपाय. पंप आणि नोझल यांची तपासणी चाचणी-यंत्र असलेल्या दुकानातच करून घ्यावी, झाडाखाली नाही. नोझलनं धुक्यासारखा बारीक फवारा सोडायला हवा. थेंब गाळणारं नोझल डिझेलही खातं आणि पिस्टनही जाळतं. टॅपेटचं अंतर पुस्तकाप्रमाणे लावून घ्यावं. शेवटी इंजिनचा दाब, म्हणजे कॉम्प्रेशन, मीटर लावून मोजून घ्यावं. दाब खरोखर कमी निघाला, निळा धूर येतोय, ऑइल वारंवार घालावं लागतंय, ऑइल भरायचं टोपण काढलं की आतून जोराची वाफ येते, एवढी लक्षणं जुळली तरच इंजिन खोलावं. अलीकडच्या कॉमन रेल इंजिनांची मात्र घरी कसलीही नळी सैल करू नये. त्यांची तपासणी संगणकावर होते, ती कंपनीच्या माणसाकडूनच करावी.

आमच्या ट्रॅक्टरवर ही वेळ आली नाही. दाब मोजला, तो ठीक निघाला. नोझल तपासली, तीनपैकी एक बदललं, दोन चांगली होती. म्हणजे माझा पहिला सल्ला अगदीच चुकीचा नव्हता, पण तो खर्चाचा होता आणि दोषाचा लहान भाग होता. त्यानंतर त्याच रानात, तोच नांगर लावून पुन्हा एक एकर नांगरलं. वेळ लागला सव्वादोन तास, डिझेल लागलं साडेअकरा लिटर. एकरामागे साडेपाच लिटर वाचलं. घरातलं सोनं घरातच राहिलं, आणि हंगाम संपेपर्यंत हप्ते भाड्याच्या पैशातून गेले.

आता त्या घरी एक वही टांगलेली असते. तारीख, कोणतं रान, कोणतं अवजार, किती तास, किती लिटर, किती एकर. वही लिहिते ती त्याची बायको. मागच्या महिन्यात तिनंच नवऱ्याला सांगितलं की तीन दिवस झाले, एकराला लिटरभर जास्त जातंय. एअर क्लीनर उघडला तर गाळ साचलेला होता. बंधू-भगिनींनो, आजार असा वहीत आधी दिसतो, मग धुरात दिसतो. एक वही आणि एक पेन्सिल आजच टांगा.

थोडक्यात लक्षात ठेवा :

१. टाकी गळ्यापर्यंत भरून मोजा. तासाचा आणि एकराचा, दोन्ही आकडे काढा.
२. आधी बिनखर्चाचं पाहा : टोपण, गळती, एअर क्लीनर, टायरमधली हवा, ब्रेक, अवजाराची धार.
३. खडू आणि टेपनं चाकाची घसर मोजा. नांगरटीला शेकडा १५ च्या वर जाऊ देऊ नका.
४. थर्मोस्टॅट काढून टाकू नका. गार इंजिन जास्त डिझेल खातं.
५. ऑइलची पातळी वाढली किंवा त्याला डिझेलचा वास आला, तर ट्रॅक्टर ताबडतोब बंद करा.
६. पंप-नोझल यंत्रावरच तपासा. कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय इंजिन खोलू नका.
७. एका वेळी एकच दुरुस्ती करा आणि दर वेळी पुन्हा मोजा, म्हणजे कशानं फरक पडला ते कळेल.
८. रोजची नोंद वहीत ठेवा.

आपल्या ट्रॅक्टरचा आकडा काढा, आणि काही अडलं तर वही घेऊन आपल्या भागातल्या कृषी कार्यालयात या. नुसतं "डिझेल फार खातो" एवढंच सांगू नका, एकराला किती लिटर ते सांगा. मग आपण दोघे मिळून दोष शोधू.